घरी लाकूड फोडताना

बाबा, काल वाडीतली एक सून माझ्याकडे अर्ज लिहून घ्यायला आली होती. फर्निचरच्या कारखान्यात रंधा मशीनवर तिची दोन बोटं गेली. मालक म्हणतो, तिचंच लक्ष नव्हतं. "माई, तुमचं अक्षर चांगलं, तुमीच लिवा," म्हणाली. लिहून दिला, दोनदा वाचूनही दाखवला. ती गेली आणि मी तशीच बसून राहिले, दुपारचा भातसुद्धा टाकला नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली. तुमच्याशी हे बोलायला मला दुसऱ्या कुणाचा तरी हात कापला जावा लागला.

पालीच्या रस्त्यावर आंब्याच्या पेट्या करायचा तो कारखाना. तुम्ही गोल करवतीवर, मी टेबलाशी पावत्या लिहायला. मालक आपल्याच भावकीतला, शिमग्यात पालखीला तुमच्या खांद्याला खांदा लावणारा. हंगामात फळ्या अडकतात म्हणून करवतीवरचं झाकण त्यानं काढून ठेवलेलं. "झाकण बसव रे, एकादा कामातनं जायचा," असं तुम्ही दोनदा सांगितलंत. "काका, तुमचा हात बसलेला आहे," म्हणून तो हसला. आणि मग ऐन चैत्रात गाठीची फळी उसळली. अर्धा अंगठा आणि शेजारची दोन बोटं.

इस्पितळात तो शहाळी घेऊन आला. मला व्हरांड्यात बोलावतो आणि हळू आवाजात सांगतो, "कारखान्यात झालं म्हटलं की सरकारी माणूस येणार, कुलूप लागणार. तुझी नोकरी जाईल, बाकीच्या बायांचीही जाईल. घरी लाकूड फोडताना लागलं असं लिही. काकांचं मी बघतो ना! भावकीत कागद कशाला? उगाच हात दाखवून अवलक्षण." तुमचा हात आत बँडेजात, हा बाहेर असं बोलतोय, आणि मेली मी मान हलवतेय!

इस्पितळात द्यायचा जबाब तसा लिहिला आणि कागद घेऊन आत आले. तुम्ही डाव्या हातात पेन धरलंत. "काय लिवलंस गो बाय?" मी म्हटलं, "झालं तेच." तुम्ही वाचलं नाहीत. "तू लिवलंस म्हणजे बरोबरच असणार," म्हणालात आणि वाकडीतिकडी सही केलीत. मला तेव्हा लाज वाटली नाही. नोकरी वाचली म्हणून हायसं वाटलं. हे लिहिताना आता वाटतेय.

मालकानं पावसापर्यंत तुम्हाला राखणीला बसवलं, मग करवतीवर दुसरा माणूस आला आणि तुम्ही घरी. डाव्या हातानं जेवायचं म्हणून लग्नाच्या पंक्तीला जायचं सोडलंत. आई भात कालवून द्यायची, तुम्ही भिंतीकडे तोंड करून जेवायचात. देवरूखचा एक कामगार पुढारी भरपाईसाठी तुम्हाला कचेरीत घेऊन गेला, तेव्हा मी सोबत होते. साहेबांनी इस्पितळातला कागद मोठ्यानं वाचला आणि विचारलं, हे कोणी लिहिलं? मी जमिनीकडे बघत राहिले. तुम्ही म्हणालात, "मीच सांगितलं तसं लिवायला. पोरीचा काय दोष नाय." तिथेच सगळं संपलं. परतताना एसटीत मला खिडकीची जागा दिलीत. त्यानंतर मरेपर्यंत त्या कागदाबद्दल एक शब्द नाही. चार शिव्या घातल्या असत्यात तर बरं झालं असतं हो!

हे तुम्हाला लिहिलेलं मी कुणाला दाखवणार नाही. आईला, नवऱ्याला, मुलांना आजवर एकच सांगत आले, की मालकानं लिहायला लावलं. ते अर्धंच खरं आहे. त्यानं एकच ओळ सांगितली होती. खाली 'माझी कोणाविरुद्ध काहीही तक्रार नाही' असं लिहिलं होतं ना, ते त्यानं सांगितलं नव्हतं, बाबा. कागद पुरा दिसावा म्हणून ते मी माझ्या मनानं घातलं.