भावालाही सांगा

जयलक्ष्मीपुरम, म्हैसूर

चि. गुंडू,

गेल्या आठवड्यात माझी कोलोनोस्कोपी झाली. आतड्यातली एक गाठ काढली. घरी आल्यावर थोडं रक्त गेलं आणि मी घाबरले. डॉक्टर फोनवर म्हणाले, "थोडं जातंच. वाढलं तर लगेच या. घरी सोबत आहे ना?"

घरात मी एकटीच, तरी "आहे," म्हटलं आणि रेडिओ मोठा केला.

आता रक्त थांबलंय. तांदळाची पातळ गंजी पचते. पण ती गाठ राहिली असती तर पुढे कॅन्सर होऊ शकला असता. "भावालाही तपासून घ्यायला सांगा," डॉक्टर म्हणाले.

आईच्या तेराव्यापासून तू माझ्याशी बोलत नाहीस. माझं पत्र न फोडताच परत पाठवशील, म्हणून हे टाकत नाही. उद्या हुणसूरची बस धरते. आत घेतलं नाहीस तर दारातूनच सांगेन.

तुझी,
अंबुजाक्का