आपण खरेच आपण आहात का?

४ मार्च, सकाळ
आजपासून पक्षाच्या ईमेलचा राखणदार मी. गेल्या आठवड्यात विरोधी पक्षाचं मेल कुणीतरी फोडलं, तेव्हापासून आमच्या ऑफिसचं धाबं दणाणलंय. अध्यक्षांनी विचारलं, दिवसभर कॉम्प्युटरसमोर कोण बसेल? सगळे छताकडे बघायला लागले. मी हात वर केला. सरचिटणीस बाईंना माझी खिडकीजवळची खुर्ची त्यांच्या भाचीसाठी हवी आहे. अध्यक्ष म्हणाले, निवडणुकीपर्यंत मेल सांभाळा, खुर्ची कायमची तुमची. म्हणजे मिळालीच.
शिक्षण सातवी नापास. पण माणूस ओळखण्यात एम.ए.

५ मार्च
पासवर्ड बदलला. फार अवघड ठेवला. दुपारी मलाच आठवेना. बायकोचं नाव टाकून बघितलं, नव्हतं. तिला हे सांगणार नाही. शेवटी सापडला: गुडघ्याच्या मलमाचं नाव. ट्यूब खिशातच होती म्हणून निभावलं.

७ मार्च
रात्रभर विचार करून पद्धत काढली. कुणाचंही मेल आलं की आधी उलट विचारायचं, 'आपण खरेच आपण आहात का?' खरा माणूस हो म्हणेल, चोर गप्प बसेल. इतकी सोपी गोष्ट मोठमोठ्या इंजिनियरांना कशी सुचली नाही?

९ मार्च
अध्यक्षांना विचारलं. उत्तर आलं, 'डोकं फिरलंय का?' हे उत्तर नव्हे. ब्लॉक.
सरचिटणीस बाई समोरच्या टेबलावरून म्हणाल्या, मी इथे बसलेली दिसत नाही का? मी शांतपणे सांगितलं, इथे तुम्ही आहात, पण मेलमध्ये कोण आहे ते मला कसं कळणार? ब्लॉक.

१२ मार्च
अखेर एक सुसंस्कृत माणूस भेटला. सहीत 'मुख्य सुरक्षा अधिकारी'. कुठले ते लिहिलेलं नाही. मोठ्या माणसांना गरज नसते. विचारल्याबरोबर उत्तर: 'हो काका, शंभर टक्के. तुमच्यासारखी दक्ष माणसं आता राहिली नाहीत.' डोळे भरून आले. त्यांना थोडं गुडघ्याचं लिहिलं, थोडं बाईंच्या भाचीचं.

१४ मार्च
त्यांनी पासवर्ड मागितला, कच्चा आहे का ते तपासायला. मी काही खुळा नाही. पुन्हा विचारलं, खरेच ना? ते म्हणाले, खरेच. दोनदा हो म्हणणारा माणूस खोटा कसा असेल? दिला.
घरी कौतुकाने सांगितलं. बायको म्हणाली, "मला अजून कपाटाची किल्ली दिली नाहीत." तिला टेक्निकल गोष्टी कळत नाहीत.

१६ मार्च
मेल कंपनीच्या नावाने इशारा आला, तुमच्या खात्यात परकं कुणीतरी शिरलंय. विचारलं, आपण खरेच आपण आहात का? अवाक्षर नाही. चोर पकडला. ब्लॉक.
खुर्चीसाठी नवी गादी आणली.

१९ मार्च
सगळं मेल बाहेर. कोण कुणाला गाढव म्हणालं, कुणाचं तिकीट कुणी कापलं, सगळं लोकांच्या मोबाईलवर. विरोधक चौकात माईकवरून वाचतायत. मी डगमगलो नाही. सुरक्षा अधिकाऱ्यांना तातडीने कळवलं. ते म्हणाले, 'फार वाईट झालं काका.' या गोंधळात तेवढाच आधार.

२० मार्च
बैठक. अध्यक्षांनी हळू आवाजात विचारलं, "काका, पासवर्ड कुणाला दिला होता?"
मी ठणकावून सांगितलं, "कुणालाही नाही. फक्त सुरक्षा अधिकाऱ्यांना."
अध्यक्षांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग सरचिटणीस बाईंनी भाचीला फोन लावला.
चौकात सगळ्यात जास्त हशा माझ्या गुडघ्याला मिळाला म्हणे. उमेदवाराच्या भाषणालाही एवढी गर्दी नव्हती.

२२ मार्च
खुर्ची गेली. गादी घरी आणली. स्टुलावर बसत नाही, सरकते. पक्षातून कुणाचाही फोन नाही.
संध्याकाळी माझ्या मोबाईलवर मेल आलं. पत्ता मीच दिला होता. 'काका, गुडघा कसा आहे?' तरी आधी विचारून घेतलं, आपण खरेच आपण आहात का? हो म्हणाले. मग लिहिलं, आता बरा आहे.
त्यांनी पक्षाचा नवा पासवर्ड विचारला. तो मला आता कुणी सांगत नाही, हे त्यांना कळवताना फार लाज वाटली.