शेपूट येईपर्यंत

ती. ताईस,

सप्रेम नमस्कार. (एरवी साष्टांग घातला असता, पण सध्या मी एकदा आडवा झालो की उठवायला दोन माणसं लागतात, आणि घरात मी एकटाच.) इकडे कमरेच्या वर सर्व कुशल आहे. तुझं पित्त शांत असेल अशी आशा करतो. भाऊजींनी दाढी ठेवायचा विचार सोडला असेल अशी त्याहून जास्त आशा करतो.

पत्रास कारण, तुझी धमकी. ही गेल्याला वर्ष होत आलं. मी घरातून चष्म्याच्या दुकानात आणि दुकानातून घरात एवढंच करतो, माणसांत मिसळत नाही, भिंतींशी बोलतो, असं तुझं म्हणणं. (भिंतींशी मी कधीच बोललेलो नाही. कपाटाशी बोलतो, कारण ते निदान करकरतं.) महिनाअखेरीपर्यंत चार माणसांत गेला नाहीस तर टेंपो घेऊन येईन, दुकान विकायला लावीन आणि तुला आमच्या मागच्या खोलीत आणून ठेवीन, असं तू ठणकावलंस. तू बोललीस की करतेस, हे मी लहानपणापासून सोसत आलोय. शिवाय तुमची मागची खोली मी पाहिली आहे. तिला खिडकी आहे, पण ती जिन्यात उघडते. मला माझं दुकान सोडायचं नाही आणि जिन्यातून चढणाऱ्या-उतरणाऱ्यांच्या पोटऱ्या बघत म्हातारं व्हायचं नाही, म्हणून मी मुकाट्याने चार माणसांत गेलो. त्याची ही हकिकत.

आमच्याकडे दर रविवारी गावाबाहेर चालायला जाणारं एक मंडळ आहे. त्याच्या छापील नावात निसर्ग, आरोग्य आणि मैत्री असं सगळं ऐसपैस बसवलेलं आहे. मी त्याला पायपीट मंडळ म्हणतो. डांबरी रस्ता संपतो तिथे ही मंडळी सकाळी जमतात, दिवसभर टेकड्या, बांध आणि ओढे तुडवतात आणि संध्याकाळी निघाली तिथेच परत येतात. इथेच यायचं होतं तर निघालो कशाला, असं मी पहिल्याच रविवारी विचारलं. तो प्रश्न तिथे विचारायचा नसतो. म्होरके म्हणून एक निवृत्त भूगोलाचे सर आहेत. त्यांचा चष्मा मीच करून दिलेला, त्यामुळे तो फक्त वाचायचा आहे हे मला पक्कं ठाऊक. सर तोच लावून समोर बघतात आणि ही अमुक टेकडी, ती तमुक टेकडी असं छातीठोकपणे सांगतात. (त्यांतली एक टेकडी एकदा उठून शेपटी हलवत निघून गेली, तरी त्यांनी माघार घेतली नाही.) पण नकाशा त्यांना स्वच्छ दिसतो, म्हणून मंडळ अजून सगळंच्या सगळं घरी परत येतं.

सर्वांत मागे दातांच्या डॉक्टरीणबाई चालतात, अंगात नारिंगी जाकीट घालून. त्यांना मंडळात शेपूट म्हणतात आणि त्यांना त्याचा अभिमान आहे. शेपटाच्या मागे कोणीही राहायचं नाही, हा तिथला दंडक. मी मागे पडण्यात तरबेज असल्यामुळे आमची लवकर ओळख झाली. त्या मागून माझ्यावर नजर ठेवतात आणि मी पुढून त्यांना माझा गुडघा, माझी टाच, चढ, उतार, काटे आणि एकूण या उद्योगाचा वेडेपणा यांचं धावतं वर्णन ऐकवत असतो. रोज लोकांच्या उघड्या तोंडात बघायची सवय असल्यामुळे त्यांना त्याचं काही वाटत नसावं.

आता मंडळाची एक पद्धत तुला सांगितलीच पाहिजे, कारण सगळा घोळ तिनेच केला. रांग लांबते, मागच्यांना पुढचे दिसेनासे होतात. म्हणून वाट वळली की सर आपल्या लगेच मागे असलेल्या माणसाला त्या वळणावर उभं करून पुढे जातात. त्या माणसाला खांब म्हणतात. खांबाने हात लांब करून येईल त्याला वाट दाखवायची आणि शेपूट आलं की त्याच्याबरोबर निघायचं. शेपूट येईपर्यंत खांब हलत नाही. निघण्यापूर्वी सर हा नियम सगळ्यांकडून म्हणवून घेतात. आम्ही पिकल्या केसांचे लोक रस्त्याच्या कडेला उभे राहून तो एका सुरात म्हणतो, तेव्हा शेजारून जाणाऱ्या गाड्या हमखास वेग कमी करतात.

गेल्या रविवारी मी जरा लबाडी केली. वाटेत चहाचं एक दुकान लागतं, आणि तिथे पाठ टेकायला मिळेल असं बाक एकच. ते बळकावायचं म्हणून मी धापा टाकत सगळ्यांना मागे टाकलं आणि सरांच्या पाठीला जाऊन चिकटलो. पुढच्याच वळणावर सरांनी मला खांब केलं. जो तो माझ्यासमोरून हसत बाकाकडे गेला. मग कोणी येईना. शेपूटही येईना.

झालं होतं असं (हे मला नंतर कळलं), की मागे एका आर्किटेक्टच्या नव्याकोऱ्या बुटाचा तळ सुटला होता. डॉक्टरीणबाई त्याला धरून रस्त्यावर उतरल्या, एक ट्रॅक्टर थांबवला आणि दोघं ट्रॉलीत बसून सगळ्यांच्या आधी चहाच्या दुकानात दाखल झाली. पुढे आणखी एक वळण आहे आणि तिथे आणखी एक खांब उभा असणार, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. मागून सर पोचले, त्यांनी नारिंगी जाकीट पाहिलं आणि शेपूट आलं म्हणजे सगळे आले, असं समजून चहा सांगितला. नियमाने त्यांचं काहीच चुकलं नाही.

नियमाने माझंही चुकलं नाही, म्हणून मी उभा होतो. मेंढ्या घेऊन एक बाई आली आणि कोणाची वाट बघताय म्हणून तिने आपुलकीने विचारलं. शेपटाची, असं मी सांगितल्यावर तिने मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि मेंढ्या पलीकडच्या बाजूने हाकल्या. एक मोटरसायकलवाला माझा लांब केलेला हात बघून विश्वासाने त्या पायवाटेवर वळला. थोड्या वेळाने तो हँडलपर्यंत चिखलाने माखून परत आला आणि जे बोलला ते वडील बहिणीला लिहिण्यासारखं नाही. पावाची गाडी हाकणारा एकजण मला गावापर्यंत सोडायला तयार होता, त्यालाही मी नाही म्हटलं. सावली सरकली तसा मीही झाडाभोवती सरकलो. (नियमात झाडाबद्दल काही नाही.) ही मला कापडाच्या दुकानाबाहेर पिशव्या देऊन उभं करायची आणि आलेच म्हणून आत जायची. त्या सरावावर मी ती दुपार काढली.

उन्हं कलल्यावर ती सगळी वरात वळणावर परत आली. आर्किटेक्टच्या एका पायात चहावाल्याची चप्पल होती. सरांनी जवळ येऊन, बरं आहे का वगैरे काही न विचारता, "हललात का?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, "नाही." त्यावर त्यांनी माझ्याकडे बोट दाखवून सगळ्यांना खांब कसा असावा यावर एक छोटं व्याख्यान दिलं. पावाच्या गाडीचं ऐकून डॉक्टरीणबाईंनी मात्र मला अक्कल आहे का, गाडी मिळत होती तर बसायचं नाही का, म्हणून चांगलंच झापलं आणि झापता झापता थर्मासच्या झाकणात चहा ओतून हातात दिला. चहा कोमट होता आणि त्यात साखर नव्हती. मी तसं म्हणताच सगळे मोठ्याने हसले.

तर ताई, मी चार माणसांत जाऊन आलो, आणि त्या चार माणसांनी मला रानात विसरून चहा ढोसला. तुझी अट मी पुरी केली. या मंडळाचं तोंड मी पुन्हा बघणार नाही. भाऊजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
(कंबर वाकत नसल्यामुळे) ताठ मानेचा धाकटा भाऊ

ता. क. टेंपो सांगून ठेवला असशील तर रद्द कर. मागच्या खोलीला रंगही दिलास असं ऐकतो. दाढी निघेपर्यंत तिथे भाऊजींना ठेव.

ता. क. दुसरा. भाऊजींनी मागे हौसेने घेतलेले आणि एकदा फाटकापर्यंत जाऊन आलेले ते चालायचे बूट मला लगेच पाठव. आमचं माप एकच आहे. मंडळाचं तोंड बघणार नाही असं मी वर लिहिलंय ते खरंच आहे. मी मागे चालतो, मला सगळ्यांच्या पाठीच दिसतात.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. पाकीट चिकटवलं होतं, ते पुन्हा उघडलं. मी तिथे नाही हे त्यांना कसं कळलं, ते मी तुला सांगितलं नव्हतं. मला ते परतीच्या वाटेवर आर्किटेक्टने सांगितलं. डबे खाऊन, डुलक्या काढून चहाचा दुसरा पेला झाला तरी चहाला, बाकाला, उन्हाला कोणीच नावं ठेवत नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी पेला खाली ठेवला आणि म्हणाल्या, "इतकं शांत का वाटतंय?" मग दमलेली ती सगळीच्या सगळी माणसं उठून चढ चढून मागे आली. ताई, त्या वळणावर मी घाबरलो होतो. रात्रीपर्यंत इथे उभा राहिलो तरी जगात कोणाचं काही अडणार नाही, असं वाटलं होतं. हिच्या माघारी माझी कुरकुर नसल्याने कोणाचा तरी चहा बेचव झाला, हे पहिल्यांदाच घडलं, आणि मला फार बरं वाटलं. तेव्हा या रविवारी फोन करू नकोस, मी घरी नसेन. संध्याकाळीही उचलला नाही तर शेजाऱ्यांना शिडी लावून आत उतरवू नकोस. मी हरवलोच, तर ते तुझ्याआधी कळेल अशी माणसं आहेत आता.