वाघाच्या मावशीची सोय

१२ डिसेंबर, गुरुवार

पुण्याहून फोन! मला नाही, दिव्यानीला. तिथल्या एका मोठ्या प्राण्यांच्या दवाखान्यात तिला घ्यायला तयार आहेत. मार्चच्या पहिल्या आठवड्यात हजर व्हा म्हणतात. पोरीने हे वरण वाढता वाढता सांगितलं, भाजीत मीठ कमी पडलं असं सांगावं तसं.

मी विचारलं, मग काय ठरवलंस?

"अजून हो म्हटलं नाई, बाबा. या मांजरांचं काय करू? मार्चपर्यंत यांची सोय लागली की मी मोकळी."

बरोबर आहे. राइस मिलमागची ती खोली, तिथली टाकून दिलेली, लंगडी, आंधळी मांजरं, मिलवाल्याचं भाडं, मेडिकलची उधारी. एकटी पोर कुठवर ओढणार? सोय लागली तर तिचा घोर मिटेल, मग इथून हलायचं कारणच उरणार नाही. नाही लागली तर मांजरघराला कुलूप आणि ही पुण्याला.

मला मांजरं आवडत नाहीत. शिंका येतात. आयुष्य फॉरेस्ट गार्ड म्हणून गेलं, वाघ जवळून पाहिले, वाघाने कधी शिंक आली नाही! पण बायको, सरिता, गेल्यापासून या घरात दोनच माणसं आहेत. त्यातलं एक गेलं तर मी कोणाशी भांडू? उद्यापासून पैसे जमवायला लागतो.

१५ डिसेंबर, रविवार

मुखरूला जोडीला घेतलं. एसटीतून निवृत्त झाल्यापासून त्याला ब्रह्मपुरीत फिरायला कारणच हवं असतं. चहाच्या टपरीवर डबा ठेवला — "मांजरघराला मदत".

संध्याकाळी उघडला. थोडी चिल्लर, सुपारी-तंबाखूच्या खर्र्याची पन्नी, आणि गडचिरोलीचं फाटकं तिकीट. पन्नी टाकणारा कोण ते मला ठाऊक आहे. नाव लिहीत नाही, तो बुद्धविहारात माझ्या शेजारी बसतो.

१८ डिसेंबर, बुधवार

दिव्यानीने मोबाइलवरून पैसे घ्यायची सोय केली. कागदावर ते काळे-पांढरे चौकोन छापून दुकानादुकानांत लावले. दुपारी तिचा फोन वाजला — एक रुपया जमा! पोरीने उडीच मारली. पाहतो तर मुखरूचा. "चालू हाय का नाई ते पाहून राह्यलो," म्हणतो!

त्यानंतर दिवसभर काही नाही. मी उगाच दर घटकेला तिच्या फोनकडे बघत होतो. जेवण गेलं नाही.

२२ डिसेंबर, रविवार

मुखरूचं डोकं! म्हणे, मिलसमोरच्या रस्त्यावर मांजर सोडायचं. आडवं गेलं की गाडीवाले थांबतातच. "थांबला की आपण जायचं. दहा रुपये दे, अपशकून आमचा. बिनधास्त जा!"

मी चिडलो. म्हटलं, अरे, माझ्या बापाने छप्पन साली हे सगळं धुऊन टाकलं, आणि मी म्हातारपणी अपशकुनाची पावती फाडू? विहारात काय तोंड दाखवू?

"विहारातले लोकबी थांबतेत, श्रावणभाऊ," म्हणाला. "मी डायव्हर होतो न. मले माहीत हाय."

खरं असेल. तरी नाही म्हणजे नाही. पण येताना मिलसमोर एक मांजर खरोखर आडवं गेलं, आणि पायाने माझ्या क्षणभर ब्रेक लावला. हे कोणाला सांगायचं नाही.

२८ डिसेंबर, शनिवार

सुचलं! सकाळी दाढी करताना. "वाघाच्या मावशीला मदत करा." वाघाचा मुलूख, वाघाचा गार्ड, वाघाची मावशी! दिव्यानी म्हणाली, मस्त हाय बाबा. मुखरूने तर तीनदा मोठ्याने म्हणून पाहिलं. छापायला दिलं. लाल अक्षरं, वर मिशीवालं मांजर.

आता कोण पैसे देत नाही ते बघतोच.

२ जानेवारी, गुरुवार

मोहटोल्याला नाटक होतं. झाडीपट्टीतलं नाटक म्हणजे पंचक्रोशी लोटते, म्हणून दुपारीच पोहोचलो. मंडपाच्या खांबाखांबावर मावशी चिकटवली. शेवटच्या खांबाशी मागून आवाज आला.

"गार्डसाहेब, काय लावून राह्यले?"

रुखमाबाई. लटारूची बायको. लटारू जंगलात तेंदूपत्ता तोडायला गेला होता, माझ्या निवृत्तीच्या आधीच्या उन्हाळ्यात. वाघाने नेला. पंचनामा माझ्याच हातचा. चप्पल कुठे सापडली, तेसुद्धा मीच लिहिलेलं. आणि मी त्याच गावात येऊन खांबावर हे लावत होतो!

तिला वाचता येतं. हळूहळू वाचलं. ओरडली नाही.

"वाघाचीच मावशी न? मंग वाघालेच माग न पैसे. आमच्या घरून त त्यानं आधीच नेलं."

आजूबाजूला चारपाच माणसं होती. कोणी हसलं नाही, कोणी रागावलंही नाही. मला वाटलं, कोणीतरी एक थापड मारली असती तर बरं झालं असतं. खळ अजून ओली होती. सगळे कागद काढून घेतले, नाटक न बघता परत आलो.

३ जानेवारी, शुक्रवार

नोकरीत असताना सरकारी डायरीत रोज लिहायचो — "गस्त केली. काही विशेष नाही." ज्या दिवशी लटारूला उचलून आणलं त्या दिवशीही हात आधी तेच लिहायला गेला होता.

आज गस्त नाही. काही विशेष नाही.

६ जानेवारी, सोमवार

बसवत नाही. घरातून मिल, मिलमधून चौक, चौकातून घर. मुखरू म्हणतो, जाऊ दे, दुसरं गाव पाहू. कोणतं गाव? या भागात वाघाने कोणाचं काही नेलं नाही असं गाव दाखव!

दिव्यानीने आज कपाळाला हात लावून बघितला. "तुम्ही काऊन एवढे फिरून राह्यले, बाबा? तुमाले त मांजरं आवडत नाई."

तू जाऊ नये म्हणून, हे तोंडाशी आलं होतं. म्हटलं, रिकाम्या माणसाला काहीतरी उद्योग हवा. मग तीच म्हणाली, "पुण्याचं एक सांगायचं होतं—" मी शिंकायला बाहेर गेलो. शिंक आली नव्हती.

१२ जानेवारी, रविवार

आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो.

मांजरघराच्या दारात रुखमाबाई! हातात पिशवी. मोहटोल्याच्या सकाळच्या बसने आलेली. वाटलं, बोलायचं राहिलेलं बोलायला आली. ती पोत्यावर बसली, पाणी प्याली, सगळी मांजरं बघून घेतली.

"मले एक मांजर पायजे," म्हणाली. "उंदरांनं धानाचं पार वाटोळं केलं. धान ठेवाची ढोलीच पोखरली."

मी म्हटलं, बाई, कोणतंही घेऊन जा.

"फुकटचं मांजर घरी टिकत नाई."

पिशवी पुढे केली. पायलीभर नवे तांदूळ. दिव्यानी नको नको म्हणत होती, मी तिला डोळ्याने गप्प केलं. रुखमाबाईने कान तुटलेली पट्टेवाली मांजर निवडली. नेमकी पट्टेवाली! मी काही बोलणार, तोच ती मांजरीकडे बघत म्हणाली, "वाघानं माणूस नेला. मावशीनं धान त राखावं."

मी खोलीमागे जाऊन रडलो. शिंकांमुळे डोळे लाल झाले असं सांगता आलं, तेवढाच या मांजरांचा उपयोग.

फुकटचं मांजर टिकत नाही, हीसुद्धा अंधश्रद्धाच. पण मुखरूच्या दहा रुपयांसारखी ही मला टोचली नाही. का, ते कळत नाही.

१९ जानेवारी, रविवार

रुखमाबाईनेच निरोप धाडला — या, आणि मांजरं घेऊन या. घरोघरी उंदीर झाले आहेत.

आम्ही दोघे म्हातारे इतके दिवस मूर्खासारखे रोकड मागत होतो. रोकड मागितली की माणूस खिसा चाचपतो. धान मागितलं की बाई सूप घेऊन येते. मळणी नुकतीच झालेली, घरात पैसा नसला तरी धान आहे. कोणी मांजर घेऊन पायली दिली, कोणी मांजर न घेताच ओंजळभर टाकलं. एक आजी म्हणाली, "मांजर नाई पायजे बाप्पा, दूध पितेत. पण घे, मावशी हाय."

मावशी हाय! माझे शब्द, पण मी खांबावर चिकटवले तेव्हा नासले होते. रुखमाबाईने ते धुऊन गावाला परत दिले. मी तिला तसं म्हणालो. ती म्हणाली, "पट्टेवालीनं काल दोन उंदीर मारले," आणि पोतं धरायला लागली.

२ फेब्रुवारी, रविवार

आणखी दोन गावं झाली. मुखरू ऑटोत पोत्यांवर बसून येतो, नवरदेवासारखा. माझी कंबर धरली आहे. पण अजून पुरत नाही. फेब्रुवारी लहान महिना, काय घाई असते त्याला!

९ फेब्रुवारी, रविवार

झालं! धान विकलं. मेडिकलची उधारी फिटली, मिलवाल्याला वर्षाचं भाडं दिलं, रोजची झाडलोट करायला एक बाई ठेवता येईल एवढं शिल्लक. मांजरंही निम्मी उरली.

दिव्यानीला सांगितलं तेव्हा ती आधी हसली, मग माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागली. कितीतरी वेळ! मला नवल वाटलं. एवढं रडण्यासारखं काय आहे, वेडे?

मी आनंदात आहे. हे सरळ लिहून ठेवतो, कारण माझ्या डायरीत हा शब्द सहसा येत नाही. पोरगी राहिली. सरिता, ऐकलंस? राहिली. मासळी आणली. मुंडकी मांजरांना, बाकीची आम्हाला.

१६ फेब्रुवारी, रविवार

सुताराला बोलावलं. पुढच्या खोलीत दिव्यानीच्या औषधांसाठी भिंतभर फळ्या ठोकून घेणार. तिला अजून सांगितलं नाही. माप घेताना ती दारात उभी राहून बघत होती. काहीतरी बोलणार होती, बोलली नाही. कळलं असेल, आवडलंही असेल.

१ मार्च, शनिवार

दहाबारा दिवस इथे काही लिहिलं नाही.

दिव्यानी सकाळी गेली. नागपूरपर्यंत बस, पुढे रेल्वे. धान विकलं त्याच दिवशी तिने पुण्याला हो कळवलं होतं. खिडकीतून माझा हात धरून म्हणाली, "तुम्ही सोय लावली म्हणून मी मोकळी झाली, बाबा. नाईतर या जिवांना सोडून मी कुठी जात होती?"

मांजरघराची किल्ली माझ्या खिशात आहे. संध्याकाळी जाऊन दूध ठेवलं. शिंकलो.

काही विशेष नाही.