शेळ्या पद्माकरला, गाय किमयाला

मी, शामकांत विश्वनाथ टिपणीस, वय ७३, निवृत्त मरीन इंजिनीअर, राहणार आंग मो किओ, सिंगापूर, पूर्ण शुद्धीवर हे लिहितो. मला कोणी भरीस पाडलेले नाही. पाडू पाहणाऱ्यांना मी ओळखून आहे. यापूर्वीचे माझे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. फ्लॅट व बँकेतील शिल्लक पत्नी आशालता हिला.

२. हत्यारांची पेटी भाचा संकेत याला. त्यातला मोठा पाना त्याने आधीच 'विसरून' नेलेला आहे.

३. १९८९ साली ॲमस्टरडॅमला मी सतराव्या शतकातली दोन डच छापचित्रे घेतली : एक बसलेल्या गायीचे, एक शेळ्यांचे. दुकानदाराने गायीची नव्या छपाईची नक्कलही दिली. अस्सल छापाच्या कडेला तांब्याच्या पत्र्याचा दाब उमटलेला असतो, तो बोटाला लागतो.

१९९६ साली मी समुद्रावर असताना, माझ्या सांगण्यावरून, जहाजावरचा जुना सोबती पद्माकर रेगे याने चित्रे तांजोंग पगारला फ्रेम करून आणली. घरी आल्यावर मी गायीची फ्रेम उघडली. बोटाला काहीच लागले नाही. आत नक्कल होती. मी पद्माकरला चारचौघांत चोर म्हटले. तो म्हणाला, "तुला तसं वाटत असेल तर तसं." माझा संशय पक्का झाला. एकवीस वर्षे आम्ही बोललो नाही.

गेल्या महिन्यात आशालताने साडीच्या घडीतून अस्सल गाय काढली. अंग पिवळे, शिंगे जांभळी. आमच्या मुलीने, किमयाने, सहाव्या वर्षी खडूने रंगवलेली.

"तुम्ही तिला फोडून काढलं असतं," आशालता म्हणाली. "म्हणून फ्रेमला नक्कल दिली. पद्माकरभावजींना सगळं माहीत होतं."

दोघांनी मिळून रचले असेल म्हणून मी भिंग घेऊन दोन दिवस तपासले. दाब आहे. गाय अस्सल आहे.

मग पद्माकरला फोन केला. "तेव्हाच का नाही बोललास?"

"मी मोठा होतो रे, मला चोर म्हटलेलं चाललं. ती सहा वर्षांची होती."

४. शेळ्या पद्माकरला. त्यामुळे तो येथे साक्षीदार होऊ शकत नाही. घेईल की नाही, शंका आहे.

५. गाय किमयाला. रंग कोणी पुसू नये. तिला यातले काही आठवत नाही. मी चिडलो नसतो असे लिहिणार नाही. चिडलो असतो, हातही उचलला असता. आशालताने केले ते बरे केले.

खालील दोघांनी माझ्यादेखत, एकाच वेळी, माझ्याच पेनाने सह्या केल्या.

शामकांत वि. टिपणीस (सही)
साक्षीदार : १. निशिकांत गुप्ते (सही) २. सुलेखा वर्तक (सही)
सिंगापूर, ११ नोव्हेंबर २०१७