आज गच्चीवर जाऊ नकोस

प्रिय धाकट्या,

हे पत्र पुरतं वाचून होईपर्यंत जागचा हलू नकोस, आणि आज गच्चीवर तर मुळीच जायचं नाही. तुझी बायको समोर बसली असेल. तिला मीच तसं बजावलंय. फोन केला असता तर तू नेहमीसारखं मला हसवून विषय उडवला असतास, म्हणून लिहितेय.

बाबांनी आपल्या दोघांना दोन गोष्टी सारख्या वाटून दिल्या, नाक आणि साखर. नाकाचं काही करावं लागत नाही. साखरेचं तू कधी मनावर घेतलं नाहीस, आणि मी रोज लोकांचं रक्त तपासते म्हणून मला वाटत राहिलं की मला सगळं कळतं. चोवीस वर्षं लॅबमध्ये काढली की माणूस जरा चढेलच होतो.

गेल्या हिवाळ्यात तू म्हणालास की जिना चढताना दम लागतो आणि जबडा जड होतो, दाढेचंच काहीतरी असेल. तुझ्या डॉक्टरांनी हृदयाची तपासणी लिहून दिली होती. तू घाबरला होतास. तुझे विनोद एकदम दुप्पट झाले, त्यावरून मी ओळखलं. मीही घाबरले होते. साखरेसाठी आमच्याकडे आलेलं तुझं रक्त थोडं उरलं होतं, ते मी कुणाला न विचारता व्हिटॅमिन डीसाठी लावलं. अकरा आलं, हवं तीसच्या वर. मग माझं लावलं, नऊ. मला इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू. तू तळघरात पुस्तकं बांधतोस, मी बिनखिडकीच्या खोलीत नळ्या हाताळते, आपल्याला ऊन लागणार कुठून? मधुमेह असलेल्यांमध्ये डी कमी असेल तर हृदयाचे आजार जास्त दिसतात, हे मी वाचलं होतं. मग डी भरून काढलं की धोका टळला, असं गणित मी मांडलं. तुला फोनवर ठणकावून सांगितलं की अरे वेड्या, कारण सापडलं, ती तपासणी राहू दे, गोळ्या घे आणि उन्हात बस. मीही गोळ्या सुरू केल्या.

आयुष्यात तू माझं एवढं एकच ऐकलंस. रोज दुपारी खळीचे हात पुसून चार मजले चढायला लागलास. परवा तुझी बायको सहज बोलून गेली की हल्ली तू दुसऱ्या मजल्यावर थांबून शेजाऱ्यांच्या कुंड्या बघत बसतोस. तुला पुदिना आणि गवत यातला फरक कळत नाही, कुंड्या कसल्या बघतोस? तिथे उभा राहून तू जबडा चोळतोस, हेही तिने पाहिलंय. आणि गेल्या आठवड्यात तूच मला कळवलंस की डी अडतीसवर गेलं, ताई तू ग्रेट आहेस. मी तो निरोप लॅबभर दाखवला.

काल एका डॉक्टरीणबाईंनी मला लहान मुलीला समजवावं तसं समजावलं. कमी डी आणि आजारी हृदय बरोबर दिसतात, हे खरं. पण एकामुळेच दुसरं होतं, हे ठरलेलं नाही, आणि गोळ्यांनी डी वाढवून हृदयविकार टळतो, असं मोठ्या चाचण्यांत दिसलेलं नाही. शिवाय साखरेने नसा बोथट झाल्या की छातीत कळ येईलच असं नाही. नुसता दम लागतो, जबडा दुखतो, मळमळतं. बायकांमध्ये तर ते असं आडवाटेने जास्तच येतं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, तसं केलं मी. चूक माझी आहे रे, तुझी नाही.

मी ट्रेनिंगला गेलेय, असं तुला सांगायला तुझ्या बायकोला मीच लावलं. खरं कळलं असतं तर तू जिने धावत सुटला असतास, आणि त्याचीच मला भीती वाटत होती. सोमवारी लॅबमध्ये मला मळमळलं, घाम फुटला, पाठ भरून आली. ॲसिडिटी म्हणून मी तासभर तशीच खुर्चीत बसून राहिले. तो झटका होता. आता स्टेंट टाकलाय, मी बरी आहे, पलंगावर टेकून लिहितेय म्हणून अक्षर असं आलंय. त्याच बाईंनी तुझं सगळं ऐकून तुला आजच, आत्ताच घेऊन यायला सांगितलंय. गाडी दाराशी उभी आहे. तळघराच्या सात पायऱ्या सावकाश चढ, बायकोचा हात धर, लाजू नकोस. इथे हॉस्पिटलात आलास की लिफ्टनेच वर ये. आणि त्या अडतीसच्या भरवशावर राहू नकोस. सोमवारी मी खुर्चीवरून खाली कोसळले, तेव्हा माझं डी एक्केचाळीस होतं.

वाट बघत असलेली तुझीच,
ताई