पंधरा दिवस फोन नाही

ती. अक्कास,

साष्टांग नमस्कार. (मान आखडल्यामुळे आठांपैकी सातच अंगं धर.) तुझी तब्येत विचारत नाही. रागावू नकोस, डॉक्टरीणबाईंची मनाई आहे. रोज तीनदा फोन करून तू गॅस बंद केलास ना, हे विचारणं पंधरा दिवस बंद. ते जमलं तर कामावर परत जायच्या चिठ्ठीचं बघू म्हणाल्या. आज अकरावा दिवस. पत्राबद्दल त्या काही बोलल्या नाहीत, म्हणून लिहितोय.

आता मला घरी का बसवलं ते ऐक. डेपोत ब्रेक तपासणं हे माझं काम, तुला ठाऊकच आहे. त्या दिवशी एका बसचे ब्रेक तपासले, उत्तम निघाले, सही केली. सही केल्यावर शंका आली, पुन्हा तपासले. तरी गाडी फाटकातून बाहेर पडली तसा जीव खालीवर व्हायला लागला, म्हणून धावत जाऊन चढलो आणि शेवटच्या थांब्यापर्यंत ड्रायव्हरच्या मागे उभा राहिलो. प्रत्येक वळणावर मीही पाय दाबत होतो (खाली एका आजोबांचा पाय होता, हे नंतर कळलं). ब्रेक लागला की मी मोठ्याने 'लागला' म्हणायचो. चौथ्या थांब्यावर निम्मी गाडी उतरून गेली. साहेबांनी माझा रजेचा अर्ज स्वतःच लिहून आणला.

डॉक्टरीणबाई वयाने माझ्या मुलीएवढ्या. रोगाचं नाव 'सार्वत्रिक चिंताविकार', मला आधी ते सरकारी खातंच वाटलं. छातीतली धडधड, झोपेचं खोबरं, ही मान, सगळं त्याचंच म्हणे. "तुम्ही भित्रे नाही, तुमची काळजी थांबायचं विसरली आहे," म्हणाल्या. अक्का, मला तिथेच रडू आलं. रोज एक गोळी, गुण यायला काही आठवडे. दर गुरुवारी गप्पा. आणि काळजी करायची ती फक्त संध्याकाळी पाच ते साडेपाच, वहीत लिहून. पहिल्या दिवशी वेळ पुरला नाही. काल पाच वाजून दहा मिनिटांनीच काळज्या संपल्या, मग उरलेल्या वीस मिनिटांची काळजी लागली. बायको म्हणते, सुधारणा आहे.

तुझा,
धाकटा

ता. क. ठीक असशील तर एक मिस्ड कॉल दे. उचलणार नाही.

ता. क. २. मिस्ड कॉल नको. बायकोने आत्ताच कबूल केलं, की हे अकरा दिवस तू तिला रोज सहा वेळा फोन करतेस, त्याचा फोन का नाही, तो बरा आहे ना, म्हणून. मला वाटायचं, घरात हे एवढं माझ्याच डोक्यात आहे. गुरुवारी चार वाजता बाईंकडे तुझ्या नावाने वेळ घेतली आहे. नाही म्हणू नकोस. मी बाहेर बाकावर बसेन. आत काय झालं ते विचारणार नाही. (विचारेन. एकदाच.)